दगडाखालचं तेल

श्रोतेहो, नमस्कार.

पेडण्यात रात्र जागवून दशावतार पाहिलेल्यांना रंगवलेला चेहरा म्हणजे काय, हे सांगायला नको. आजच्या बदकाच्या शास्त्रीय नावातच नट दडलाय: हिस्ट्रिओनिकस. लॅटिनमध्ये ‘हिस्ट्रिओ’ म्हणजे नट. इंग्रजीत हार्लेक्विन डक, म्हणजे इटलीच्या जुन्या नाटकांत ठिगळांचा अंगरखा घालून येणारं पात्र. नराचं अंग पाटीसारखं निळसर-करडं, त्यावर काळ्या काठाचे पांढरे पट्टे, कुशी विटकरी. मादी साधी तपकिरी.

करमळीच्या तळ्यावर हे दिसणार नाही. याचं घर दूर, अलास्का, कॅनडा, आइसलँडकडे. वीण फेसाळत्या डोंगरी ओढ्यांकाठी, हिवाळा खडकाळ किनाऱ्यावर. लाट जिथं फुटते नेमकं तिथं बुडी मारून शंख, खेकडे टिपायचे. या आपटाआपटीत हाडं मोडतात, सांधतात. सांगाड्यांत अशी जुळलेली हाडं सापडली आहेत. एवढासा जीव, पण केवढा चिवट!

तेलापुढे मात्र तो चिवटपणा चालला नाही. २४ मार्च १९८९ला अलास्कात एक्झॉन व्हॅल्डेझ हे जहाज खडकावर चढलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. वरचं तेल धुतलं गेलं, पण गोट्यांखाली मुरलेलं तिथंच राहिलं. हे बदक दर हिवाळ्यात आपल्या त्याच किनाऱ्यावर परततं, त्याच गोट्यांतून खातं. तिथली बदकं सावरली असं जाहीर व्हायला २०१४ साल उजाडलं. पंचवीस वर्षं!

जगाच्या हिशेबात ही जात आज धोक्यात नाही. पूर्व कॅनडात मात्र १९९०मध्ये तिला संकटग्रस्त ठरवावं लागलं होतं. शिकार थांबली, संख्या वाढली आणि २००१मध्ये तो शेरा सौम्य झाला. म्हणजे हात आवरला की पाखरू परत येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पावसाच्या तोंडावर आपल्या वाळूतही डांबराचे गोळे येतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांचा अभ्यास झाला आहे. आपण तळवे खोबरेलाने पुसतो, एका पावसात किनारा स्वच्छ दिसतो. परवा हणजूणच्या खडकांवर, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथल्या एका कपारीत मी बोट घालून पाहिलं. बोट काळं झालं.