स्टेप फाईलमध्ये काय येतं, काय राहून जातं

हॅम्बर्गला तयार झालेले एअरबस ए-३८० च्या धडाचे भाग फ्रान्समध्ये तुलूझला जुळणीसाठी आले, तेव्हा वायरिंग आत आधीच बसवलेलं होतं. जोडायला घेतलं, तर काही ठिकाणी वायर कनेक्टरपर्यंत पोचेचना.

या एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते, आणि कनेक्टर चाळीस हजारांच्या वर. कामगारांनी हार्नेस, म्हणजे वायरच्या बांधलेल्या जुड्या, हाताने काढले, पुन्हा ओवले. तरी जमेना.

जर्मनी आणि स्पेनमधले डिझायनर कॅटिया या थ्री-डी डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर काम करत होते. फ्रान्स आणि ब्रिटनमधले पाचव्या. सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं, दसॉ सिस्टीम्सचं. पण पाचवी आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिलेली. चौथीतलं मॉडेल तिच्यात जसंच्या तसं उतरत नव्हतं. त्यात काही वायर तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या. ॲल्युमिनियमला वळण मोठं द्यावं लागतं, म्हणजे लांबीचा हिशोबही वेगळा.

जून २००६ मध्ये विमानं मिळायला आणखी उशीर होणार हे जाहीर झालं, आणि एअरबसच्या मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात पाव हिश्शाहून जास्त घसरला. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ऑक्टोबर २००७ मध्ये.

मग सगळ्यांना वाचता येईल अशी फाईल नव्हती का? होती. एका सॉफ्टवेअरमधलं थ्री-डी मॉडेल दुसऱ्यात नेणारी आयएसओ १०३०३, म्हणजे आपली रोजची स्टेप फाईल, १९९४ पासून आहे.

ती एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघाच. साध्या अक्षरांत लिहिलेली असते. प्रत्येक ओळीला नंबर. एका ओळीत बिंदू आणि त्याचे तीन आकडे. दुसऱ्या ओळीत त्या बिंदूंवरून जाणारी कड. पुढे कडांनी बांधलेला पृष्ठभाग. आकार पूर्ण येतो.

आता एक भोक घ्या. डिझायनरने तिथे एम-१० चा टॅप मारायचा, म्हणजे १० मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आत आटे पाडायचे, म्हणून ८.५ मिलिमीटरचं ड्रिल दिलंय. स्टेपमध्ये बहुतेक वेळा ८.५ चा गुळगुळीत सिलिंडर तेवढा पोचतो. आटे नाहीत. फीचर ट्री, म्हणजे मॉडेल कोणत्या पायऱ्यांनी बनलं त्याची यादी, नाही. ते भोक कडेपासून ठरावीक अंतरावरच राहावं म्हणून घातलेलं बंधनही नाही. माझ्या मते खरं नुकसान इथेच होतं, कारण मॉडेल स्क्रीनवर अगदी बरोबर दिसतं आणि कुणाला शंकाच येत नाही.

थ्री-डी प्रिंटिंगला वापरतात ती एसटीएल फाईल तर त्याहून कोरी: नुसते त्रिकोण. आकडे मिलिमीटरमध्ये आहेत की इंचात, हेसुद्धा त्यात लिहिलेलं नसतं.

२०१४ साली आलेल्या एपी-२४२ या स्टेपच्याच नव्या प्रकारात टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) आणि सूचना मॉडेलबरोबरच पाठवता येतात. पण पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला ते लिहिता यायला हवं आणि घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला वाचता. तोवर भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये स्टेपसोबत टू-डी ड्रॉइंगची पीडीएफ मागतात, ती योग्यच मागणी आहे. दोन्हींवर रिव्हिजन नंबर (कितवी सुधारित आवृत्ती ते) एकच आहे ना, हे जॉब मशीनवर चढवण्याआधी बघायचं.