विश्व अनंत आहे, हे मोजून सांगता येतं का?

श्रोतेहो, नमस्कार.

विश्वाला शेवट आहे का, असं विचारलं की बहुतेक वेळा तीन प्रश्न एकमेकांत गुंततात. आपल्याला दिसतं कुठवर? विश्वाला कुठे काठ आहे का? आणि एकूण पसारा अनंत आहे का? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि तिसऱ्याचं तर फारच वेगळं.

आधी ‘अनंत’ हा शब्दच नीट धरू. दृश्य विश्वातले सगळे अणू मोजले तर आकडा साधारण एकावर 80 शून्यं इतका येतो. हा आकडा प्रचंड खरा, पण तो अनंताच्या जवळपासही नाही. त्यात एक मिळवला की तो बदलतो. अनंताचं तसं नाही. हाताशी कागद असेल तर एका ओळीत 1, 2, 3, 4 असं लिहीत जा आणि प्रत्येकाच्या खाली त्याची दुप्पट मांडा: 2, 4, 6, 8. वरच्या प्रत्येक संख्येला खाली एक जोडीदार मिळाला, खालच्या प्रत्येकीला वर एक मिळाला. बिनजोडीचं कुणीच उरलं नाही. तरीही खालच्या ओळीत एकही विषम संख्या नाही! वरच्या ओळीतल्या अर्ध्या संख्या गळाल्या आणि जोड्या मात्र पुऱ्या पडल्या. हाताच्या दहा बोटांवर हे करून पाहा, जमणार नाही. स्वतःच्याच एका तुकड्याशी जोडी जुळणं, हीच अनंत समूहाची खूण.

गॅलिलिओनं 1638 साली छापलेल्या ग्रंथात वर्गसंख्या घेऊन हेच दाखवलं आणि ठरवलं, की अनंताला लहान, मोठं, सारखं हे शब्द लावूच नयेत. तिथे तो थांबला. गेऑर्ग कँटरनं मात्र जोड्या जुळणं हाच सारखेपणाचा अर्थ मानला आणि 1874 मध्ये सिद्ध केलं, की रेषेवरच्या सगळ्या बिंदूंची 1, 2, 3 या संख्यांशी जोडी लावताच येत नाही. बिंदू उरतातच. म्हणजे अनंतही लहानमोठे असतात. गणितातल्या इतक्या थोड्या ओळींनी माणसाच्या समजुतीला एवढा धक्का क्वचितच दिला असेल.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात शून्यानं भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं. तिच्यात कितीही मिळवा, कितीही वजा करा, ती जशीच्या तशी राहते, असं ते सांगतात. अनंताचा हा गुण त्यांनी अचूक हेरला होता. शून्यानं भागणं मात्र आजचं गणित मान्य करत नाही, आणि त्याला साधं कारण आहे. 5 भागिले शून्य आणि 7 भागिले शून्य एकच धरलं, तर दोन्हींना शून्यानं गुणून 5 बरोबर 7 असं निघेल.

भौतिकशास्त्रात तर उत्तर अनंत आलं की आधी सूत्रावर संशय घ्यायचा असतो. जुन्या नियमांनी हिशेब केला तर तापलेल्या भट्टीतून अनंत ऊर्जा बाहेर पडायला हवी होती. 1900 मध्ये मॅक्स प्लांकनं ऊर्जा ठरावीक पुड्यांमध्येच घेतली-दिली जाते असं मानलं आणि तो अनंत नाहीसा झाला. महास्फोटाच्या शून्य क्षणी घनता अनंत होती, हे वाक्यही असंच वाचावं: तिथे आपलं समीकरण संपतं.

आता आकाशाकडे वळू. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं आहे. मग आपल्याला 1380 कोटी प्रकाशवर्षांपर्यंतच दिसतं का? नाही, दृश्य विश्वाची त्रिज्या साधारण 4600 कोटी प्रकाशवर्षं आहे. इथे पुष्कळजण अडखळतात. आपल्यापर्यंत पोचणारा सर्वांत जुना प्रकाश महास्फोटानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी निघाला. तेव्हा ती जागा आपल्यापासून फक्त 4 कोटी 20 लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होती. प्रकाश वाटेत असताना अवकाश जवळजवळ 1100 पट ताणलं गेलं, म्हणून ती जागा आज तितकी दूर आहे. हा नजरेचा टप्पा झाला, क्षितिजासारखा. जहाजावरून क्षितिज दिसतं म्हणून तिथे समुद्र संपत नाही.

विश्व प्रसरण पावतं, तर ते कशात? मघाची दुप्पटीची ओळ आठवा. 1 वरचा माणूस 2 वर गेला, 2 वरचा 4 वर, 3 वरचा 6 वर. प्रत्येक शेजारी दुप्पट दूर झाला, पण बाहेर नवी जागा लागली नाही, कारण ओळीला टोकच नव्हतं. उलट दिशेनंही तेच. विश्व आज अनंत असेल, तर कितीही आक्रसलं तरी ते तेव्हाही अनंतच होतं. ‘सुरुवातीला सगळं मोहरीएवढं होतं’ असं म्हणतात ते आपल्याला दिसणाऱ्या भागापुरतं खरं आहे.

मग मोजायचं कसं? त्रिकोणानं. सपाट कागदावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंश, चेंडूवर त्याहून जास्त, घोड्याच्या खोगिरावर कमी. त्या सर्वांत जुन्या प्रकाशात किंचित गरम आणि किंचित थंड ठिपके आहेत. फरक एका लाखात एक भाग एवढाच. ठिपक्यांची खरी लांबी भौतिकशास्त्रातून काढता येते आणि अंतर ठाऊक आहे. अवकाश सपाट असेल तर ते आकाशात साधारण एक अंश रुंद दिसायला हवेत, म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट. चेंडूसारखं वळलेलं असेल तर मोठे, खोगिरासारखं असेल तर लहान. हाच जुना प्रकाश टिपणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या मोजणीतून, इतर निरीक्षणं जोडून, अवकाश हजारात दोन भागांच्या चुकीच्या मर्यादेत सपाट निघालं.

पण सपाट म्हणजे अनंत नव्हे. कागदाची नळी करा. तिच्यावरच्या त्रिकोणाचे कोन तेवढेच राहतात, तरी मुंगी सरळ चालत पुन्हा निघाल्या जागी येते. अवकाशही असं गुंडाळलेलं असू शकतं: काठ नाही, तरी सान्त, म्हणजे मर्यादित पसाऱ्याचं. शिवाय ती हजारात दोनची चूक कितीही कमी केली तरी शून्य होणार नाही, आणि त्या फटीत प्रचंड मोठा, पण सान्त चेंडू नेहमीच मावेल.

गुंडाळलेल्या आणि पुरेशा लहान विश्वात तोच जुना प्रकाश दोन दिशांनी आपल्याकडे येईल आणि आकाशात दोन ठिकाणी गरम-थंड ठिपक्यांची हुबेहूब सारखी वर्तुळं दिसतील. अशी एक खात्रीची जोडी सापडली तर विश्व सान्त असल्याचं सिद्ध होईल. अनंताच्या बाजूनं असा एकही पुरावा संभवत नाही. डब्ल्यूमॅप आणि प्लांक या दोन्ही उपग्रहांच्या नकाशांत ही वर्तुळं कसून शोधली गेली. जोडी मिळालेली नाही.