नागीण गेली, आग राहिली: शिरेतून लिग्नोकेन देताना

नमस्कार. नागिणीचे फोड वाळून सहा महिने झाले, तरी बरगडीवर सदरा टेकला की जीव कळवळतो. नसेच्या दुखण्यावरच्या गोळ्या, प्रीगॅबालिन झालं, अमिट्रिप्टिलीन झालं. अशा रुग्णाला आपण शिरेतून लिग्नोकेन देतो. दात काढताना हिरडीत टोचतात तेच औषध. मग सगळं अंग बधिर का होत नाही?

दुखावलेली नस विनाकारण संदेश सोडत राहते, त्यासाठी तिच्या सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे सोडियम आत सोडणारी बारीक दारं, सारख्या उघडतात. लिग्नोकेन आधी याच वाहिन्यांना धरतं. म्हणून रक्तात थोडंसं औषध असलं तरी ती नस निवते, आणि निरोगी नसांचं काम चालू राहतं.

आता हिशेब. इथे घाई नको. सुरुवात किलोमागे 3 मिलिग्रॅमने. वजन 60 किलो, म्हणजे 180 मिलिग्रॅम. औषध 2 टक्क्यांचं. 2 टक्के म्हणजे एका मिलीत 20 मिलिग्रॅम, 2 नव्हे! या एका चुकीने दहापट औषध जातं. आपल्याला हवं 9 मिली. सलाईनच्या 100 मिलीतून 9 मिली काढा, तेवढं औषध घाला, पंप ताशी 100 मिलीवर लावा. रुग्ण स्थूल असेल तर उंचीनुसार आदर्श वजन धरा. सलाईनच्या नळीची चाकी फिरवून थेंब मोजत हे औषध कधीही देऊ नका.

(व्हायल कॅमेऱ्याजवळ धरून) लेबल वाचा. अ‍ॅड्रिनलिन असलेली नको, प्रिझर्व्हेटिव्ह असलेलीही नको. आणि ब्युपिव्हाकेन, बधिर करणारं दुसरं औषध? शिरेतून कधीच नाही. ते हृदयाला धरलं की सुटता सुटत नाही.

आधी ईसीजी काढा. हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयातला विजेचा संदेश अडत असेल, तर बेत रद्द. यकृत खराब असेल किंवा प्रोप्रानोलॉल ही बीपीची गोळी चालू असेल तर औषध रक्तात साचतं.

पंप चालू असताना मॉनिटर लावलेला हवाच, पण रुग्णाशी बोलत राहा; त्याची जीभ आधी सांगते. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुंजन: पंप बंद. बोलणं अडखळलं, स्नायू फडफडले, तर फिट जवळ आली समजा. ऑक्सिजन, फिट थांबवणारं मिडाझोलॅम आणि लिग्नोकेनच्या विषबाधेवर शिरेतून द्यायचं 20 टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध द्रव) हाताशी हवं. लिपिडचा पहिला डोस किलोमागे दीड मिली. हे खोलीत नसेल तर सुरूच करू नका.

दोन तासांत रक्तातलं औषध निम्म्यावर येतं, तरी काहींना आराम कित्येक दिवस टिकतो. काहींची आग संध्याकाळीच परतते. म्हणून दुखण्याचा शून्य ते दहा आकडा आधी, नंतर आणि पुढे रोज वहीत लिहायला सांगा. गोळ्या चालूच. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवा.