चित्राला उलटतपासणी नसते

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो,

२०२४ सालचे सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे दोन महिने मी मुलीकडे पेन्सिल्व्हेनियात काढले. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल ज्या मोजक्या राज्यांच्या कौलावर फिरतो त्यांतले हे एक राज्य, त्यामुळे तिथल्या सामान्य माणसावर प्रचाराचा जो मारा होतो त्याची कल्पना शेजारच्या न्यूयॉर्कमधल्या माणसालाही येत नाही. दुपारी टपालपेटी उघडली की वहीच्या पानाएवढे चार-पाच चकचकीत पुठ्ठे हाती लागत. मी ते जपून ठेवू लागलो, कारण जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसाच्या हातून छापील कागद टाकवत नाही. महिनाअखेरीस ते सगळे जेवणाच्या टेबलावर मांडले, तेव्हा लक्षात आले की पक्ष दोन असले तरी चित्रकार जणू एकच आहे. आपला उमेदवार नेहमी रंगीत, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, समोर शिरस्त्राण घातलेला कामगार किंवा पांढऱ्या केसांची आजी, आणि मान किंचित झुकवून तो त्यांचे ऐकतो आहे. प्रतिस्पर्धी मात्र करड्या रंगात, तोंड अर्धवट उघडे असताना टिपलेला. अमुक कर इतक्याने वाढवू आणि तो पैसा तमुक कामाला लावू, असे एकही सरळ वाक्य त्या ढिगात सापडले नाही.

टीव्हीवर तर उसंतच नव्हती. बातम्यांमध्ये जाहिराती आहेत की जाहिरातींमध्ये बातम्या, असा प्रश्न पडावा. उमेदवाराने आपल्या जाहिरातीत स्वतःच्या आवाजात ‘हा संदेश मला मान्य आहे’ असे म्हटले पाहिजे, असे बंधन २००२ च्या कायद्याने घातले. चिखलफेक करणाऱ्याला निदान स्वतःच्या आवाजाची लाज वाटावी, हा त्यामागचा हेतू. लाज कोणाला वाटल्याचे दिसले नाही; माझ्या सात वर्षांच्या नातवाला मात्र ते वाक्य पाठ झाले, आणि ताटात भेंडी पडली की तो छातीवर हात ठेवून हा संदेश आपल्याला मान्य नसल्याचे इंग्रजीत जाहीर करू लागला.

या उथळपणाची जी कारणे सर्रास सांगितली जातात, म्हणजे लोक मूर्ख झाले, मोबाइलने डोकी बिघडवली, ती मला पटत नाहीत. प्रतिमेचे राजकारण मोबाइलच्या आणि टीव्हीच्याही फार आधीचे आहे. १८४० साली विल्यम हेन्री हॅरिसन हे ‘लाकडी झोपडीतला साधा माणूस’ म्हणून अध्यक्षपदासाठी उभे राहिले. मिरवणुकांतून गाड्यांवर झोपड्या फिरल्या आणि सफरचंदाची कडक दारू फुकट वाटली गेली. हे गृहस्थ जन्मले होते व्हर्जिनियातल्या एका संपन्न मळ्यावर, आणि त्यांच्या वडिलांची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर होती. ते निवडून आले. तेव्हा पूर्वी सगळे गंभीर होते आणि आता सगळे बिघडले, ही कथा मी सांगणार नाही. माझा मुद्दा निराळा आणि थोडा अरुंद आहे. विधान खोडता येते. चित्र खोडता येत नाही. ज्या व्यवस्थेत समोरच्याला उत्तर द्यायला वेळ मिळतो आणि दिलेले उत्तर माणसाला बांधून ठेवते, त्या व्यवस्थेत विधाने करावी लागतात. ज्या व्यवस्थेत वेळ सेकंदांनी विकत घ्यावा लागतो, तिथे शहाणा माणूस चित्रच दाखवील.

या दोन्ही व्यवस्था जवळून पाहू. १८५८ साली इलिनॉय राज्यात सिनेटच्या जागेसाठी स्टीफन डग्लस आणि अब्राहम लिंकन यांच्यात सात गावी सात जाहीर वादसभा झाल्या. रीत अशी होती की पहिल्याने एक तास बोलायचे, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यायचे आणि पुन्हा पहिल्याला अर्धा तास. एकूण तीन तास, आणि समोर उघड्यावर जमलेले लोक. विषय एकच: गुलामगिरीचा विस्तार. आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, नाही. डग्लस यांचे म्हणणे असे की, हा प्रश्न त्या त्या प्रदेशातल्या रहिवाशांनी ठरवावा. २७ ऑगस्टला फ्रीपोर्टच्या सभेत लिंकननी त्यांना नेमके विचारले की, या निर्णयानंतरही एखाद्या प्रदेशातले लोक कायदेशीर मार्गाने गुलामगिरीला आपल्या हद्दीबाहेर ठेवू शकतात का? ‘नाही’ म्हणावे तर डग्लस यांची आयुष्यभराची भूमिकाच कोसळते, आणि ‘होय’ म्हणावे तर दक्षिणेकडचे गुलाममालक बिथरतात. डग्लस ‘होय’ म्हणाले: गुलामगिरीला संरक्षण देणारे स्थानिक कायदेच केले नाहीत, तर ती तिथे एक दिवसही टिकणार नाही. सिनेटची जागा त्यांनी राखली, पण दक्षिण त्यांच्यापासून आणखी दुरावली; १८६० साली त्यांचा पक्ष दुभंगला आणि लिंकन अध्यक्ष झाले. एका उत्तराला एवढी किंमत असू शकते, कारण ते उत्तर लघुलिपीत उतरवले गेले, वर्तमानपत्रांत छापले गेले आणि पुढची दोन वर्षे ते डग्लस यांच्यासमोर धरले गेले.

याला सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही. चौथ्या सभेत, चार्ल्स्टन येथे, गोऱ्या आणि काळ्या लोकांची सामाजिक व राजकीय समता आपल्याला अभिप्रेत नाही, असे स्वतः लिंकन म्हणाले होते. दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रेही आपल्या माणसाचे भाषण घासूनपुसून छापत आणि विरोधकाचे जसेच्या तसे, अडखळण्यांसकट. पण लिंकन यांचे ते वाक्य आज त्यांच्याविरुद्ध दाखवता येते, हेच मला महत्त्वाचे वाटते. तो वाद नुसता त्या शेतांत आणि चौकांत राहिला नाही. यादवी युद्ध झाले, गुलामगिरी कायद्याने संपली, आणि १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. जोतीरावांपर्यंत जे पोचले ते कोणाच्या दुमडलेल्या बाह्या नव्हत्या.

आता दुसरी व्यवस्था. १९५२ साली जनरल आयझेनहॉवर अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा त्यांच्या जाहिराती रॉसर रीव्ह्ज यांनी केल्या. डोक्यात हातोडे पडताना दाखवून ॲनासिनची गोळी विकणारे हेच ते गृहस्थ. ती गोळी पुढे आपल्याकडच्याही घराघरांत पोचली. एका दिवसात जनरलसाहेबांकडून चाळीस उत्तरे चित्रित करून घेतली गेली, एकेक जाहिरात वीस सेकंदांची. प्रश्न नंतर! न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटीत आलेल्या पर्यटकांतून ‘सामान्य नागरिक’ निवडून आणले आणि आधीच तयार असलेल्या उत्तरांना त्यांच्या तोंडून प्रश्न जोडले. एका जुन्या सैनिकावर ही वेळ यावी, असे आयझेनहॉवर त्या दिवशी चित्रीकरणाच्या मध्येच म्हणाल्याचे सांगतात. फ्रीपोर्टमध्ये प्रश्न आधी आला आणि उत्तर देणाऱ्याची कोंडी झाली. इथे कोंडी व्हायला प्रश्नच उरला नाही.

या विषयावर बोलणारा प्रत्येकजण १९६० च्या निवडणुकीतल्या, टीव्हीवर झालेल्या केनेडी-निक्सन वादाकडे वळतो: घामेजलेले, आजारातून उठलेले निक्सन, टवटवीत केनेडी, आणि रेडिओ ऐकणाऱ्यांना म्हणे निक्सन जिंकल्यासारखे वाटले. ही शेवटची गोष्ट एका छोट्याशा पाहणीवर उभी आहे, आणि रेडिओवाले श्रोते मुळात कोणाकडे झुकलेले होते हे त्या पाहणीतून कळत नाही. प्रतिमेच्या राजकारणावरची सर्वांत लाडकी दंतकथाच अशी न तपासता फिरते, याची मला गंमत वाटते. तो वाद आज वाचून पाहा. दोघांना प्रत्येकी आठ मिनिटांचे प्रास्ताविक होते, आणि शिक्षकांचे पगार, शेतमालाचे अतिरिक्त उत्पादन, म्हाताऱ्यांचा दवाखान्याचा खर्च यांवर दोघे मन लावून बोलले होते. बिघाड त्या रात्रीपेक्षा पुढच्या वर्षांत आहे. संध्याकाळच्या बातम्यांत उमेदवाराचा सलग आवाज १९६८ साली सरासरी सुमारे त्रेचाळीस सेकंद ऐकू येई. १९८८ साली तो नऊ सेकंदांवर आला. नऊ सेकंदांत शिवी देता येते, घोषणा देता येते, कर्जरोख्यांचे गणित सांगता येत नाही.

अध्यक्ष रेगन यांच्याकडे मायकेल डीव्हर नावाचे सल्लागार होते, प्रतिमेचे अस्सल नेपथ्यकार. १९८४ साली सीबीएस या वाहिनीच्या बातमीदार लेस्ली स्टॉल यांनी एक कडक वृत्तांत दिला: अपंगांच्या क्रीडास्पर्धेत हजेरी लावणाऱ्या आणि वृद्धाश्रमाचे उद्घाटन करणाऱ्या रेगन यांनी याच लोकांच्या योजनांचा पैसा कसा कापायला काढला आहे. आता व्हाइट हाउसचा संतापाचा फोन येणार, अशी तयारी ठेवून त्या बसल्या होत्या. फोन आला तो आभाराचा. तुम्ही बोललात ते कोणी ऐकले नाही, लोकांनी हसरे रेगन पाहिले, असा त्याचा मथितार्थ होता. स्टॉल यांनी स्वतःच हे पुढे सांगितले.

चार वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मायकेल डुकाकिस यांनी हाच डाव आपल्या बाजूने टाकून पाहिला. संरक्षणाच्या बाबतीत ते कच्चे आहेत, हा आरोप पुसायचा होता. माणूस कोरियात सैन्यात नोकरी करून आलेला, अण्वस्त्रांऐवजी पारंपरिक सैन्यबळावर खर्च वाढवा ही भूमिका मांडणारा. चूक असो वा बरोबर, ती वाद घालण्याजोगी भूमिका होती. सल्लागारांनी त्यांना मिशिगनमधल्या एका कारखान्यात रणगाड्यावर चढवले. डोक्यावर कानांपर्यंत येणारे मोठे हेल्मेट, त्यावर नाव लिहिलेले, आणि चेहऱ्यावर जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या माणसाचे हसू. प्रतिस्पर्धी थोरल्या बुश यांच्या माणसांनी तीच फीत उचलली आणि तिच्यावर, या माणसाने कोणकोणत्या शस्त्रांना विरोध केला याची यादी चढवली. यादीतले काही दावे चुकीचे होते. डुकाकिस यांनी उत्तरादाखल जाहिरात केली, तिची सुरुवात अशी: टीव्हीवर ती रणगाड्याची जाहिरात चालू आहे आणि डुकाकिस वैतागून टीव्ही बंद करतात. म्हणजे चित्र खोडायला गेलेल्या माणसाने ते स्वतःच्या पैशाने पुन्हा एकदा देशभर दाखवले. यातून सुटका कशी असते, हे मला आजही सुचलेले नाही.

चित्र कधी उलटत नाही असे नाही, पण त्याला उलटवायला काळ लागतो आणि माणसे मरावी लागतात. १ मे २००३ रोजी धाकटे बुश वैमानिकाच्या पोशाखात विमानवाहू जहाजावर उतरले आणि ‘मोहीम फत्ते’ अशा अर्थाच्या फलकाखाली बोलले. इराकमध्ये अवघड काम अजून शिल्लक आहे, हे वाक्य त्या भाषणात होते, हे आज कोणाला आठवते? फलक आठवतो. इराकमध्ये मेलेल्या सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिकांपैकी बहुतेक त्या दिवसानंतर मेले. इराकी किती, याचा तर हिशेबच वेगळा.

पुन्हा २०२४ कडे येतो. २० ऑक्टोबरला, आम्ही राहत होतो त्याच राज्यात, डोनाल्ड ट्रम्प यांनी फीस्टरव्हिल इथल्या मॅकडोनाल्ड्समध्ये कोट उतरवून, शर्ट-टायवर एप्रन चढवून बटाट्याचे काप तळले आणि खिडकीतून गिऱ्हाइकांना दिले. दुकान त्या दिवशी इतरांसाठी बंद होते, आणि खिडकीशी येणारी माणसे आधी पारखून घेतलेली होती. किमान वेतन वाढवणार का, असे एका पत्रकाराने त्याच खिडकीशी विचारले. हे लोक फार कष्टाळू आहेत, अशा अर्थाचे काहीतरी उत्तर आले. पेन्सिल्व्हेनियातले किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे, आणि केंद्राने ठरवलेला हा आकडा २००९ पासून हललेला नाही. त्या रात्री आमच्याकडे एप्रनवर तासभर बोलणे झाले, सव्वासात डॉलरवर एक मिनिटही नाही. दोष फक्त वाहिन्यांना देणार नाही, मीही त्या बोलण्यात होतो. दुसरी बाजू फार निराळी नव्हती. कमला हॅरिस यांच्या प्रचाराने एका गायिकेच्या संगीतसंग्रहाचा पोपटी रंग अंगाला लावून तरुणांना आपलेसे केले, पण उमेदवार म्हणून पुढे आल्यावर पहिली मोठी मुलाखत द्यायला त्यांना महिन्याहून अधिक काळ लागला.

इथे माझ्याच म्हणण्याला एक खोच आहे आणि ती लपवणे बरे नाही. २७ जूनला ट्रम्प यांच्याशी झालेल्या वादात तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांचा चेहरा आणि अडखळता आवाज जगाने पाहिला, आणि महिनाभराच्या आत ते स्पर्धेतून बाहेर पडले. तिथे चित्रच पुरावा होते, आणि त्यांच्या माणसांची आदल्या अनेक महिन्यांची विधाने त्याने खोडून काढली. मात्र त्याच नव्वद मिनिटांत, दोन-दोन मिनिटांच्या उत्तरांच्या गर्दीत, दोघा वृद्ध गृहस्थांनी आपापल्या गोल्फच्या कौशल्यावरून हमरीतुमरी केली, हेही विसरू नये.

आपल्यापैकी काहींना हे श्रीमंतांचे चोचले वाटतील. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून सुमारे एक कोटी डॉलर घातले. ते तिसरे आले. पुढे ते काँग्रेसवर निवडून गेले, त्याला माझा आक्षेप नाही. मी फक्त प्रवेशशुल्क सांगतो आहे.

परतण्याआधी फिलाडेल्फियाला वॉलनट स्ट्रीटवरच्या जुन्या नाट्यगृहासमोर जाऊन आलो. २३ सप्टेंबर १९७६ रोजी इथे जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांचा वाद चालू असताना ध्वनियंत्रणा बंद पडली. आवाज गेला, चित्र चालू राहिले. दुरुस्तीला सत्तावीस मिनिटे लागली. कोट्यवधी लोकांसमोर देशाचा विद्यमान अध्यक्ष आणि भावी अध्यक्ष हाकेच्या अंतरावर आपापल्या मंचकामागे उभे होते. कोणी कोणाशी बोलले नाही, चार पावले चालून हात मिळवला नाही. बसलो तर आपण थकलो असे दिसेल, अशी धास्ती दोघांनाही होती, असे फोर्ड यांनी पुढे सांगितले. कार्टर यांनी ती फीत नंतर पाहिली आणि त्यांना लाज वाटली. आम्ही यंत्रमानवांसारखे नुसते उभे होतो, असे ते म्हणाले.