आखेनच्या पुढे

१४ ऑक्टोबर १९४३, गुरुवार. पूर्व इंग्लंडमधले अमेरिकी हवाई तळ धुक्यात बुडालेत. ब्रीफिंगच्या खोलीत नकाशावरचा पडदा सरकतो. मार्गाची रेघ थेट जर्मनीच्या आत गेलेली. श्वाइनफुर्ट! हे नाव इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये या गावावर आणि रेगन्सबुर्गवर गेलेल्यांपैकी ६० विमानं परतलीच नव्हती.

मग पुन्हा तिथेच का? कारण तिथले बॉल बेअरिंगचे कारखाने. रणगाडा असो की विमान, बेअरिंगशिवाय काही फिरत नाही. ब्रिटिश रात्री जात, पण अंधारात नेमका कारखाना सापडणं अवघड. अमेरिकनांचा हट्ट, उजेडी जायचं.

जायचं बी-१७ बॉम्बफेकी विमानांतून. त्यांना ‘उडता किल्ला’ हे नाव एका वार्ताहरानं दिलं. किल्ला कसला, तट ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा! आत दहा माणसं. पंचवीस हजार फुटांवर पारा उणे चाळीसच्या आसपास. हातमोजा काढून मशीनगनला हात लावला, तर कातडीच सोलून निघायची. विमानाच्या पोटाखालच्या गोलात एक गनर, बहुधा अंगानं लहानखुरा, पाय पोटाशी घेऊन बसलेला. पॅराशूट अंगावर बांधायलाही जागा नाही.

सोबतीला थंडरबोल्ट लढाऊ विमानं आहेत, पण जर्मनीच्या सीमेवरच्या आखेनपर्यंतच. तिथे त्यांचं इंधन परतीपुरतं उरतं आणि ती माघारी वळतात.

जर्मन वैमानिक नेमकी याचीच वाट बघत असतात. काही थेट समोरून अंगावर येतात. दोन इंजिनांची विमानं मागे, गनच्या टप्प्याबाहेर राहून रॉकेट सोडतात. थवा फुटला, की एकट्या पडलेल्या विमानाची शिकार होते.

लक्ष्य जवळ आलं, की सगळ्यात जीवघेणी मिनिटं. बॉम्ब टाकणाऱ्या बॉम्बार्डिअरचा डोळा नेम धरायच्या नॉर्डन यंत्राला लागलेला, विमान एका रेषेत. खालून तोफा धडाडतायत, पण वळायचं नाही. वळलं की नेम चुकला.

२९१ विमानं निघाली होती. ६० परतली नाहीत. त्यांच्यासोबत सुमारे सहाशे माणसं. काही कैदेत, बरीचशी कायमचीच गेली. कारखान्यांचं नुकसान झालं, पण बेअरिंगचा पुरवठा आटला नाही.

जर्मनीत खोलवर, सोबतीशिवाय जाणं त्यानंतर थांबलं. डिसेंबरात लांब पल्ल्याची मस्टँग विमानं सोबतीला येऊ लागली.

त्या गुरुवारी परतलेल्यांच्या खात्यावर एक मोहीम जमा झाली. घरी जायला पंचवीस लागत.