आधी दोन माणसं शोधा

आवाज येतोय ना मागे? बरं. सुरू करायच्या आधी एकच सांगतो, फोटो काढू नका. माझा काढा, माझं घरीदारी सगळ्यांना माहितीये, पण खुर्च्यांवर कोण बसलंय ते फोटोत येऊ देऊ नका. इथं बसलेलं प्रत्येक जण क्वीअर, म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे, आहे असं थोडंच आहे, कोण मैत्रिणीला सोबत म्हणून आलंय, कोण नुसतं चहाबिस्किटाला आलंय, पण फोटो एकदा गावाकडच्या ग्रुपवर पडला की तिथं असला खुलासा कोण ऐकत बसत नाही.

तर मला विषय दिलाय, विद्यापीठात नव्यानं आलेली एलजीबीटीक्यू पोरंपोरी आणि त्यांची कम्युनिटी. मी काही डॉक्टर नाही की वकील नाही. भुदरगड तालुक्यातला आहे, गारगोटीची एसटी पकडून शिकायला आलो, इथंच शिवाजी विद्यापीठात एमए केलं, आता नोकरी करतो आणि मी गे आहे. त्यामुळं जे सांगणार ते कट्ट्यावर बसून सांगितल्यासारखं सांगणार.

आधी कोल्हापूरचं एक समजून घ्या. तुम्ही रील्समध्ये जे बघता ते सगळं मुंबई, दिल्ली, बंगळूरचं असतं. तिथं शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते माहीत नसतं. इथं केएमटीच्या सिटी बसमध्ये बसलात की शेजारचा माणूस विचारणार गाव कुठलं, मग गावात कुणाचा, आणि तिसऱ्या प्रश्नाला "म्हणजे तुमच्या चुलत्याची पोरगी आमच्या भावकीत दिलीय की!" झालं, तो तुमच्या घरात पोचला पण. आपल्याकडं अडचण द्वेषाची कमी आणि ओळखीची जास्त आहे. मला कॉलेजच्या दिवसांत कुणी मारेल याची भीती फारशी नव्हती, सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडवर, कोण बघेल आणि जेवायच्या वेळेपर्यंत ते आईच्या कानावर कसं जाईल याची होती. ही ओळख आडवी येते तशी कामालाही येते, आजारी पडलात तर रात्री बारा वाजता डबा घेऊन येणारा माणूस याच शहरात मिळतो. म्हणून मुंबईचा सल्ला जसाच्या तसा इथं चालत नाही.

तो सल्ला कुठला, तर कम आउट करा, बिनधास्त जगा, जगाला सांगा. माझं मत सरळ उलटं आहे आणि मला यावरून लय शिव्या बसतात. पहिल्या सेमिस्टरला जगाला काही सांगू नका. आधी दोन माणसं शोधा. एक तुमच्यासारखं, म्हणजे गे असेल, लेस्बियन असेल, बाय असेल, ट्रान्स असेल, आणि एक तसं नसलेलं पण गोष्ट पोटात ठेवणारं. तुमच्यासारखं माणूस कशाला, तर आपण एकटे नाही आहोत हे कळायला, आणि दुसरं कशाला, तर दुखलंखुपलं, फी भरायची राहिली, रूम सोडावी लागली, की आपल्यासारखाच घाबरलेला दुसरा जीव पुरत नाही, ज्याला स्वतःला काही लपवायचं नाही असा माणूस लागतो जो बिनधास्त मालकाशी बोलेल, सरांना भेटेल, पोलीस स्टेशनला सोबत येईल.

पोटात ठेवणारं माणूस ओळखायचं कसं? सोपं आहे. तो दुसऱ्यांचं तुम्हाला किती सांगतो ते बघा. "कुणाला सांगू नको पण" असं म्हणून जो तुम्हाला अमक्याचं ब्रेकअप सांगतो तो तुमचंही सांगणार, मग तो कितीही गोड असू दे आणि त्याच्या बायोत कितीही इंद्रधनुष्य असू दे.

आणि ही माणसं भेटतात कुठं? बोर्ड लावलेली जागा शोधत बसू नका. आयआयटी मुंबईत २०११ पासून 'साथी' नावाचा ग्रुप आहे, तसं प्रत्येक कॉलेजात असेलच असं नाही आणि असलं तरी पहिल्या दिवशी जायचं धाडस होईलच असं नाही. माझ्या ओळखीतली बरीच पोरं युवा महोत्सवाच्या तालमीत एकमेकांना भेटली. नाटकातले सगळे तसलेच असतात असं नाही हं, हा एक लाडका गैरसमज आहे, पण रात्री अकरापर्यंत एकांकिकेचा सेट ठोकताना माणसं प्रश्न कमी विचारतात आणि बोलतात जास्त. एनएसएसच्या कॅम्पात भेटतात, लायब्ररीत स्पर्धा परीक्षेवाल्यांच्या टेबलावर भेटतात. आणि कोल्हापूर आहे म्हणून सांगतो, कुस्तीच्या तालमीत पण भेटतात. लाल मातीत अंग घुसळणारा पैलवान गे नसतो असं कोण म्हणालं?

आता राहण्याचं. शाहू महाराजांचं नाव घेऊन भाषण ठोकायची आपल्याकडं सवय आहे, मी शक्यतो टाळतो, पण आज घेतो कारण मुद्दा खोल्यांचा आहे. महाराजांना कळलं होतं की खेड्यातल्या पोराला नुसतं "शिक" म्हणून चालत नाही, त्याला शहरात रात्रीची पथारी टाकायला जागा लागते आणि ती जागा त्याला जातीमुळं कुणी देत नाही. मग १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकेक बोर्डिंगं उभी राहिली. ज्याला कुणी घरात घेत नाही त्याला आधी छप्पर, मग पुस्तक. आणि गंगाराम कांबळेंची गोष्ट तर तुम्ही शाळेपासून ऐकलीय, पाण्याला शिवला म्हणून ज्याला मारलं त्याला महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः जाऊन भर रस्त्यात चहा प्यायले, सोबतच्या बड्या लोकांनाही पाजला. मला यातला चहा महत्त्वाचा वाटतो. त्या माणसाला महाराजांच्या भाषणापेक्षा गिऱ्हाइकाची जास्त गरज होती.

क्वीअर पोरांचं बोर्डिंग कुणी बांधलेलं नाही, ते आपलं आपण कॉट बेसिसवर उभं करतो. यात गंमत पण आहे. राजारामपुरीत मी खोली बघायला गेलो तर काकूंनी पहिली अट घातली, पोरी आणायच्या नाहीत. म्हटलं काकू, त्याबाबतीत तुम्ही अगदी निर्धास्त रहा. मित्र कितीही येऊ देत, त्या पोहे करून पाठवायच्या. दोन पोरी एका खोलीत राहिल्या तरी कुणी काही म्हणत नाही, बहिणी बहिणी म्हणून कौतुकच होतं, ते एकीचं स्थळ येईपर्यंत. त्रास होतो तो ट्रान्स पोरापोरींना, कारण त्यांना हॉस्टेलच्या दारातच विचारतात इकडं की तिकडं. तुमच्या बाबतीत तसं असेल तर ॲडमिशनच्या गर्दीत खिडकीवर बोलू नका, विभागप्रमुखांची किंवा रेक्टरांची वेगळी वेळ घ्या, लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. तोंडी "बघू" ला पोच नसते.

ट्रान्सवर जरा थांबतो, कारण आपल्या भागात हा विषय नवा नाहीच आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला एसट्या भरभरून जातात, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्ती बसवलेली टोपली घेतलेला, साडी नेसलेला जोगता, म्हणजे देवीला सोडलेला पुरुष, पुढं असतो आणि आपल्याच घरातली माणसं त्याच्या पाया पडून भंडारा लावून घेतात. तोच जोगता दुसऱ्या दिवशी खोली भाड्यानं मागायला आला की तीच माणसं म्हणतात, जागा गेली. देवापुढं चालतो आणि जिन्यात चालत नाही, याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्या ओळखीतला एक ट्रान्स मुलगा आहे, म्हणजे घरात मुलगी म्हणून वाढवलेला, करवीर तालुक्यातला. त्याचं ऐकून मी चाट पडलो. आपल्याकडं बायका पण "मी जातो, मी आलो" म्हणतात, त्यामुळं हा लहानपणापासून "मी आलो" म्हणायचा आणि घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही! पुण्यातल्या पोराचं असतं तर तिसरीतच बिंग फुटलं असतं. तो म्हणतो, स्वतःबद्दल मला हवं तसं बोलता येत होतं रे, मला कुणी "आलास का" म्हणावं याची वाट बघायला लागली. ते त्याला पहिल्यांदा त्याच्या रूम पार्टनरनं म्हटलं, दारात, हातात भाजीची पिशवी, "आलास? कोथिंबीर विसरलास ना." हा अजून त्या कोथिंबिरीचं कौतुक सांगतो.

कागदाचं सांगतो. सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात आपलं लिंग काय ते आपण सांगायचा हक्क मान्य केला, पुढं २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा कायदा आला आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळायची सोय झाली. त्याच्या आधारानं कॉलेजच्या रेकॉर्डवर नाव बदलायला अर्ज करता येतो. पण अर्ज करायच्या आधी विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात जाऊन त्या दिवशीची पद्धत काय आहे ते विचारा, इन्स्टावरच्या जुन्या पोस्टवर जाऊ नका, नियम बदलत असतात. आणि एकटे जाऊ नका, ते पोटात ठेवणारं माणूस सोबत न्या.

बाकी कायदा झटकन. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सज्ञान माणसांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं, आता तर असे संबंध गुन्हा ठरवणारं जुनं ३७७ हे कलमच नव्या भारतीय न्याय संहितेत नाही. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारला. म्हणजे प्रेम करा, कुणी आत टाकणार नाही, पण लग्नाचं सर्टिफिकेट मागू नका, असं सध्या आहे. आणि एक तुमच्या रोजच्या कामाचं, यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमात २०१६ पासून लैंगिक कल आणि ट्रान्सजेंडर असण्यावरून दिलेला त्रास धरलाय, मानसिक छळ आणि वाळीत टाकणं पण त्यात येतं. "बायल्या" म्हणून रोज मेसमध्ये हाक मारणं ही गंमत नाही, रॅगिंग आहे. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगच्या हेल्पलाइनचा नंबर, सेव्ह करून ठेवा, नुसता असला तरी धीर येतो.

आता डेटिंग ॲप. यावर मला खरं तर तासभर बोलायचंय. वापरू नका असं मी म्हणणार नाही, तुम्ही वापरणारच आहात, आणि लहान शहरात दुसरा रस्ता तरी कुठंय. पण एक पद्धत चालते ती माहीत असू दे. छान बोलतो, लगेच चेहऱ्यासकट फोटो मागतो, मग व्हिडिओ कॉल, मग भेटायला बोलवतो ते गावाबाहेर, अर्धवट बांधकामात किंवा कुठल्या तरी शेताकडं, आणि तिथं तो एकटा नसतो. चौघं येतात, मोबाईल काढतात, घरच्यांना सांगू म्हणतात आणि पैसे ट्रान्सफर करायला लावतात. पोरं गप्प पैसे देतात कारण त्यांना वाटतं आपणच काहीतरी गुन्हा केलाय. गुन्हा त्यांचा आहे, खंडणीचा. पैसे एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि यूपीआय आयडी जपून ठेवा, ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. आणि पहिली भेट रंकाळ्यावर, दिवसा, गर्दीत. भेळ खाऊ घालत नसेल त्याच्याबरोबर शेतात कशाला जायचं? त्या दोन माणसांपैकी एकाला लोकेशन टाकून जायचं.

आणि समोरचा अठराच्या खाली असेल तर विषय संपला, तो कितीही हो म्हणू दे.

तब्येतीचं पण लाजत बसू नका. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, आयसीटीसी सेंटर आहे, एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही. कंडोमशिवाय काही घडलं, फाटला, कुणी जबरदस्ती केली, तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन पेप मागा, एचआयव्हीची लागण टाळायला दिलेल्या गोळ्यांचा २८ दिवसांचा कोर्स असतो. पण जितकं लवकर तितकं बरं, ७२ तास म्हणजे तीन दिवस रडत बसायला दिलेत असं समजू नका.

मनाचं दुखणं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात. पण कुणी तुम्हाला "बरं करून देतो" म्हणाला, मग तो डॉक्टर असो की बाबा, तर उठून यायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली, आणि असले उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये कळवलंय. घरच्यांनी न्यायला काढलं तर भांडत बसू नका, एवढं एक वाक्य दाखवा.

प्रश्न आलेत चिठ्ठीवर. एक आहे, घरी कधी सांगू? बघा, ज्या दिवशी घरून पैसे यायचे बंद झाले तरी सेमिस्टर निघेल, त्या दिवसाच्या आधी नको. कमवा आणि शिका योजनेत नाव घाला, स्कॉलरशिपचा फॉर्म वेळेत भरा, आपली मार्कशीट आणि आधार आपल्या बॅगेत ठेवा, कपाटात नको. गणपतीत सांगू नका, घरात वीस माणसं असतात. बहिणीच्या लग्नाच्या तोंडावर तर नकोच, नंतर आयुष्यभर ऐकावं लागतं. आणि शक्यतो आधी एखादी मावशी किंवा मामी पटवा. आमच्यात आत्यानं सांभाळून घेतलं, आईला ती म्हणाली, "पोरगं दारू पीत नाही, पैसे पाठवतं, काय करायचंय तुला?" वडलांशी बोलणं सुरळीत व्हायला वेळ लागला, अजून ऊस आणि पाऊस याच्या पलीकडं आम्ही फार बोलत नाही, पण तसं तर ते माझ्या भावाशीही बोलत नाहीत.

दुसरी चिठ्ठी, ही चांगली आहे. "माझ्या मैत्रिणीनं मला सांगितलंय, मी स्वतः तशी नाही, मी काय करू?" बाई, तू काही विशेष करू नकोस. तिला "मला आधीच माहीत होतं" म्हणू नकोस, ती मेहनत घेऊन सांगतीये. वर्गात बाकीच्यांना तिचं स्थळ शोधायचं सुचलं की विषय बदल. अजून कुणाकुणाला माहितीये ते तिला विचारून ठेव, नाहीतर चुकून तुझ्याच तोंडून जाईल. आणि कधी तिच्या आईचा फोन तुला आला, "काय गं, हिचं काय चाललंय?" तर खोटं बोलू नकोस आणि खरं पण सांगू नकोस. "काकू, ती इथंच आहे, देते हं" म्हणायचं आणि फोन तिच्या हातात द्यायचा.