प्रपोजल फॉर्मवरची माझी सही

नमस्कार मंडळी. मी गेली २२ वर्षं विम्याचं काम करते, सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या गावागावांतून. आज मला विषय दिलाय विमा एजंटची नीतिमत्ता. मी म्हटलं मोठमोठं बोलण्यापेक्षा एका कागदाबद्दलच बोलते, प्रपोजल फॉर्मबद्दल, म्हणजे विमा घेताना भरून द्यायच्या अर्जाबद्दल, कारण आमचा खरेपणा-खोटेपणा सगळा तिथेच ठरतो.

कसं होतं बघा, एजंट घरी येतो, चहा होतो, आधार-पॅनची झेरॉक्स, दोन फोटो, आणि फॉर्मवर तीन-चार ठिकाणी पेन्सिलने फुल्या मारलेल्या असतात तिथे तुम्ही सह्या करता. फॉर्म बहुतेक वेळा कोराच. "मी भरतो घरी जाऊन, तुम्ही नका टेन्शन घेऊ." आता त्या फॉर्मात काय विचारलेलं असतं, तर शुगर आहे का, बीपी आहे का, कधी ॲडमिट होतात का, तंबाखू खाता का, आईवडील कशाने गेले. नीट विचारत बसलं तर अर्धा तास जातो आणि सगळीकडे 'नाही' लिहायला दोन मिनिटं पुरतात.

मी ती दोन मिनिटांची वाट धरली होती, धंद्याच्या तिसऱ्या वर्षी. मार्च एंडिंग, टार्गेटला दोन केस कमी, आणि नुकतंच उसाचं बिल जमा झालेलं. गावातले एक काका तयार झाले. त्यांना शुगर होती हे मला पक्कं माहीत होतं, त्यांच्या घरी त्यांचा बिनसाखरेचा चहा वेगळ्या भांड्यात व्हायचा, मी कितीदा बघितलेला. पण शुगर लिहिली की मेडिकल म्हणजे डॉक्टरी तपासणी आली, रक्ताचे रिपोर्ट आले, एक्स्ट्रा प्रीमियम आला, केस मार्चमध्ये बसली नसती. मी 'नाही' लिहिलं.

काका १४ महिन्यांत गेले, किडनीचं दुखणं झालं. इतक्या लवकर क्लेम आला की चौकशी होतेच, दवाखान्याचे जुने पेपर निघाले, आणि क्लेम नाकारला गेला. काकूंना वाटलं, आपल्या माणसानेच आजार लपवला. त्या मला म्हणाल्या, "पोरी, तुला पण फसवलं गं त्यांनी." आणि मी गप्प बसले. जवळजवळ वर्षभर मी त्यांना तसंच वाटू दिलं, मग एक दिवस जाऊन सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या.

फॉर्म इंग्रजीत आणि सही मराठीत असली ना, की खाली एक डिक्लेरेशन असतं, की मी यांना प्रश्न समजावून सांगितले आणि त्यांनी दिली तीच उत्तरं लिहिली. त्याखाली माझी सही होती. शिवाय एजंटचा कॉन्फिडेन्शियल म्हणजे गोपनीय रिपोर्ट वेगळाच, त्यात या माणसाला किती वर्षं ओळखता, तब्येत कशी आहे, ते आम्हीच लिहून देतो. कंपनी त्या माणसाला आधी आमच्या डोळ्यांनी बघते.

आजही काही एजंट सांगतात, काळजी करू नका, पॉलिसीची तीन वर्षं निघाली की चुकीच्या उत्तरावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये २०१५ पासून तीन वर्षांची मुदत आहे हे खरंय, पण ती तीन वर्षं तो माणूस जगेलच हे कोण लिहून देणार? आणि हप्ते थकून लॅप्स झालेली, म्हणजे बंद पडलेली पॉलिसी रिव्हाइव्ह म्हणजे पुन्हा चालू केली तर ही मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात, हे सांगायला कुणी येत नाही.

तसंच "पहिला हप्ता मी भरतो" म्हणणारा एजंट. कमिशनमधून असे पैसे देणं कलम ४१ प्रमाणे गुन्हा आहे, आणि घेणं पण, दंड १० लाखांपर्यंत. आणि ज्याला पहिला हप्ता झेपत नव्हता त्याला दुसरा कुठून झेपणार, पॉलिसी लॅप्स होते, एजंटचं पहिल्या वर्षाचं मोठं कमिशन मात्र मिळून गेलेलं असतं.

तर मंडळी, बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, आला की कपाटात टाकू नका. सोबत तुमच्या प्रपोजल फॉर्मची कॉपी असते, नसली तर मागून घ्या, आणि घरात इंग्रजी वाचणारं पोर असेल त्याच्याकडून उत्तरं वाचून घ्या. चुकीचं असेल तर कंपनीला लेखी कळवा, पॉलिसीच नको असेल तर बाँड मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. आणि कंपनीने तक्रारीला दाद दिली नाही, तर पुण्यात आणि मुंबईत विमा लोकपालचं, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याचं ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

मी आता फॉर्म घरी नेऊन भरतच नाही. घराच्या सोप्यात बसते आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचते, आतल्या खोलीत ऐकू जाईल असा. परवा एक भाऊ प्रत्येक प्रश्नाला "काही नाही, काही नाही" म्हणत होते, तर स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "अहो, दिवाळीत सलाईन लावलं होतं ते सांगा की ताईंना!"